जमादार बाईंनी काढलेली चाफी

माणूस भेटलं की आपण त्याच्या तोंडाकडं बघतो. जमादार बाई हाताकडं बघायच्या.

अडुसष्ट-एकोणसत्तरची गोष्ट. कोल्हापुरातल्या मुलींच्या एका शाळेत मी मराठी शिकवायला रुजू झाले. कडक खळीचं पातळ, कपाळावर ठसठशीत कुंकू आणि डोक्यात वाचनालयातल्या कादंबऱ्यांचं ज्ञान, अशी सगळी तयारी करून मी शिक्षिकांच्या खोलीत शिरले. खिडकीशी एक उंच, सावळ्या, चाळिशीच्या बाई ब्लेडनं पेन्सिलीला टोक काढत बसल्या होत्या. त्यांनी वर न बघता म्हटलं, "हात दाव."

मला वाटलं, यांना हात बघता येतो. मी लगबगीनं डावा तळहात पुढं केला आणि लग्नाचं काही दिसतंय का, असंही हळूच विचारून घेतलं. बाईंनी माझा हात उलटा केला, पाठीमागची बाजू न्याहाळली आणि सोडून दिला. "भाकरी येत न्हाय तुला," म्हणाल्या.

खरंच येत नव्हती. पण भरल्या खोलीत सांगायची काय गरज होती? पुढं आठवडाभर मी त्यांच्याशी बोलले नाही. त्यांच्या ते लक्षातही आलं नाही.

शमशाद जमादार त्यांचं नाव. शाळेत चित्रकला शिकवायच्या. वडील सिनेमाचे बोर्ड रंगवायचे. थिएटरवर दोन माणसं उंचीचे नट-नट्या उभे असायचे, त्यातली तोंडं वडिलांची आणि हात बाईंचे. वयाच्या दहाव्या वर्षापासून त्या शिडीवर चढून हात रंगवत होत्या. तोंड चुकलं तर लोक हसतात, हात चुकला तर लोकांचा विश्वास बसत नाही, असं वडील म्हणायचे म्हणे. बाईंनी लग्न केलं नाही. का, ते कुणी विचारलं नाही, कारण विचारणाऱ्याच्या हाताकडं त्या अशा बघायच्या की माणूस हात पदराखाली घ्यायचं आणि विषय बदलायचं.

त्यांच्या तासाला वर्षभर एकच काम असे. डावा हात समोर धरायचा आणि उजव्यानं काढायचा. एकदा तपासणीला साहेब आले. जास्वंद नाही, पोपट नाही, डोंगरामागून उगवणारा सूर्य नाही, नुसते हातच हात. साहेब चिडले. बाई म्हणाल्या, "साहेब, पोरींच्या घरी पोपट न्हाय. हात हाय." साहेबांनी शेरा वाईट लिहिला, पण जाताना वर्गाबाहेर उभं राहून स्वतःचा डावा हात उलटसुलट करून बघत होते, हे मी डोळ्यांनी पाहिलं.

सातवीत सुली नावाची एक मुलगी होती. किडकिडीत, कधी स्वतःहून न बोलणारी. तिनं काढलेल्या हाताची करंगळी आत वळलेली, जणू कुणी खिळ्यासारखी वाकवलीय. बाईंनी वही फेकली. नीट बघून काढ म्हणाल्या. पोरीनं पुन्हा तशीच काढली. तिसऱ्यांदाही तशीच. मग बाई तिच्या बाकापाशी गेल्या, तिचा हात हातात घेतला आणि बराच वेळ तसाच धरून राहिल्या. करंगळी खरंच तशी होती. त्यांनी पोरीची माफी मागितली, भर वर्गात. आमच्या शाळेत शिक्षिकेनं विद्यार्थिनीची माफी मागितल्याची बातमी मधल्या सुट्टीआधी वसतिगृहाच्या स्वयंपाकघरापर्यंत पोचली होती.

सुली कांबरेकरांच्या वाड्यात राहायची. तिथं तिचं कोण होतं, हे शाळेच्या दप्तरात धड लिहिलेलं नव्हतं. पालक म्हणून वाड्याच्या दिवाणजींची सही असायची.

कांबरेकर सरकार म्हणजे आमच्या शाळेच्या मंडळाचे अध्यक्ष. रंकाळ्याच्या वरच्या अंगाला त्यांचा वाडा. दर दसऱ्याला चुना लागायचा, दरवाज्याची पितळी फुलं चिंचेनं घासलेली असायची, दिवाणखान्यात हंड्या-झुंबरं आणि त्यात विजेचे दिवे. दोन गोष्टींचा त्या घराला भारी अभिमान. एक, कांबरेकरांची करंगळी. कुणा पूर्वजानं गडाच्या दारात शत्रूची तलवार मुठीत धरली, तेव्हापासून त्या वंशात मूल जन्मतं ते आत वळलेली करंगळी घेऊनच, असं सरकार स्वतः सांगायचे आणि हात वर करून दाखवायचे. मराठी विषय घेऊन पदवी मिळवलेल्या मला ते पटलं होतं. तलवार धरली पूर्वजानं आणि बोट वाकलं नातवाचं, यात काही अडचण आहे असं माझ्या मनातही आलं नाही.

दुसरा अभिमान चाफीचा. सरकारांच्या पणजीबरोबर लग्नात आंदण म्हणून आलेली ही बटीक. आंदण म्हणजे भांडी, गाई, पलंग, आणि त्याच यादीत एक मुलगी. चाफीनं म्हणे चार पिढ्या मांडीवर वाढवल्या आणि शंभरी ओलांडली. बक्षीस समारंभात सरकारांचं भाषण दरवर्षी तिच्यावर यायचं. "अशी निष्ठा आता राहिली नाही," असं म्हणून ते आम्हा शिक्षिकांकडं बघायचे.

मी चाफीवर कविता केली होती. सांगते म्हणजे सांगतेच. देवघराच्या पायरीशी दरवळणारा चाफा, वगैरे. समारंभात गळा काढून म्हटली. सरकारांनी मला खण-नारळ दिला. जमादार बाई मागच्या रांगेत होत्या. कार्यक्रम संपल्यावर माझ्याजवळ येऊन म्हणाल्या, "शंभर वर्षांच्या बाईला पोरं सांभाळायला लावत्यात व्हय गं?" मला त्यांचा राग आला. माझ्या कवितेत वय नव्हतं.

पुढच्या वर्षी सरकारांच्या लेकीचं, ताईसाहेबांचं लग्न ठरलं. सीमेपलीकडच्या एका इनामदार घराण्यात. लग्नाआधी दिवाणखान्यात चाफीचं मोठं तैलचित्र लावायचं सरकारांच्या मनात आलं. चाफी बसलेली आणि मांडीवर बाळपणीचे सरकार. कोल्हापुरात चित्रकारांना काय तोटा, पण फोटो जनान्यातले, बघायचे आईसाहेबांच्या खोलीत बसून, म्हणून बाईच हवी. जमादार बाईंना बोलावणं आलं. एकटी बाई कशी पाठवायची, म्हणून मुख्याध्यापिकांनी सोबतीला मला जोडून दिलं. मी आनंदानं वेडी झाले. आईचं इरकल काढलं. सरकारांना एक धाकटे, बिनलग्नाचे चिरंजीव आहेत, हे मला ठाऊक होतं. त्यांना मी आहे हे ठाऊक व्हावं, एवढीच माझी इच्छा होती. झालं नाही, हे आधीच सांगून टाकते.

आईसाहेब म्हणजे सरकारांच्या आई. लहानखुऱ्या, गोऱ्यापान, आवाज असा गोड की ऐकणारा आपोआप पुढं झुकायचा. गेल्या गेल्या बेसनाचे लाडू आले, चांदीच्या वाटीत. भिंतीवर फोटो ओळीनं लावलेले. सरकारांचे आजोबा बाळ, वडील बाळ, मग सरकार बाळ. प्रत्येक फोटोत बाळाला धरून बसलेली, तोंडावर पदर ओढलेली एक बाई. चेहऱ्याची जेमतेम हनुवटी दिसायची. "मूल बदललं, मांडी तीच," आईसाहेब कौतुकानं म्हणाल्या.

बाईंनी पिशवीतून भिंग काढलं. फोटोतलं बाळ त्यांनी बघितलंच नाही. बाळाला धरलेले हात तेवढे बघत राहिल्या. एक फोटो बघून दुसरा, दुसरा बघून पुन्हा पहिला. मी दुसरा लाडू संपवून तिसऱ्याचा विचार करत होते. बाईंनी मला जवळ बोलावलं आणि भिंग माझ्या हातात दिलं.

पहिल्या फोटोतल्या हातावर मनगटाशी गोंदलेला विंचू होता. दुसऱ्यातल्या हातावर विंचू नव्हता, कोपरापर्यंत तुळशीचं झाड होतं. तिसऱ्यात नुसते ठिपके, आणि बोटं आधीच्या दोघींपेक्षा कितीतरी आखूड.

"गोंदण पुसलं असेल," मी म्हणाले.

बाईंनी माझ्याकडं बघितलं. "गोंदण पुसतं व्हय गं?"

मग त्या आईसाहेबांकडं वळल्या आणि सरळ विचारलं, यातली चाफी कोणची? मला वाटलं, आता आईसाहेब रागावणार. पण त्या जराही बिचकल्या नाहीत. लपवण्यासारखं काही आहे, असं त्यांना वाटतच नव्हतं. "सगळ्याच," त्या म्हणाल्या. "अहो, एक गेली की दुसरी. दर वेळी नवं नाव कुठं लक्षात ठेवायचं? आमच्या सासूबाईंची दृष्टी गेली, तरी त्यांचं कधी अडलं नाही. चाफे म्हटलं की पाणी हातात."

"आणि त्यांची आधीची नावं?" बाईंनी विचारलं.

"असतील की," आईसाहेब म्हणाल्या. "लाडू घ्या ना."

आणि पाणी मागवायला म्हणून त्यांनी दाराकडं तोंड करून हाक मारली, "चाफे."

दोन आवाज आले. एक आतल्या अंधारातून, चिरका आणि म्हातारा. एक पायरीवरून, कोवळा. दोघींनी एकदमच "जी" म्हटलं होतं. आईसाहेब हसल्या. "म्हातारीची सवय अजून जात नाही बघा," म्हणाल्या. दारातून तांब्या घेऊन आली ती सुली होती. संक्रांतीपासून शाळेत न आलेली, हजेरीपटावर जिच्यापुढं मी रोज गैरहजेरीची खूण करत होते ती. तिनं आम्हाला ओळख दाखवली नाही. तांब्या ठेवला, मागं सरली आणि भिंतीला लागून उभी राहिली. बाई तिच्याकडं बघत होत्या. मी पहिल्यांदाच बघितलं की बाई कुणाच्या तरी तोंडाकडं बघतायत.

चेहऱ्यासाठी म्हातारीला बघायला हवं, असं सांगून बाईंनी मागच्या चौकात जायची परवानगी मिळवली. पुढचा वाडा उजेडानं भरलेला आणि मागचा चौक दुपारीही ओलसर. मधल्या दाराला अडसर होता, आणि तो आमच्या बाजूनं होता. मला तेव्हा त्यात काही वाटलं नाही. अडसर आतून असतो की बाहेरून, हा विचार ज्याला घरात कोंडलेलं नसतं त्याला कशाला येईल? चौकाच्या मधोमध विहीर आणि तिच्यावर लोखंडी जाळी, चारी बाजूंनी चुन्यात बसवलेली. पाणी शेंदायला तेवढी एक खिडकीएवढी जागा उघडी.

म्हातारी विहिरीशेजारी बसली होती. डोळ्यांत पांढरं पडलेलं. आईसाहेबांच्या लग्नात त्यांच्या माहेराहून, तिकडं कानडी मुलखाच्या कडेनं आलेली. बाई तिच्यासमोर जमिनीवर बसल्या आणि चेहरा काढू लागल्या. काढता काढता बोलत राहिल्या, जात्यावर बसलेल्या दोघी बोलाव्यात तशा. म्हातारी मग हळूहळू सांगू लागली. आईसाब मेण्यात, भांडी बैलगाडीत आणि ती गाईंच्या मागनं चालत आली. अव्वा वेशीपतोर आली हुती, म्हणाली. अव्वा म्हणजे आई.

"नाव काय व्हतं आज्जी तुमचं?" बाईंनी विचारलं.

"हुतं. त्या नावाला ओ दिली की जेवान न्हाई. मग पोटच इसरलं."

तिच्या आधीच्या चाफीचं काय झालं, असं बाईंनी विचारलं. म्हातारीनं आंधळे डोळे विहिरीकडं वळवले. "हितं गेली. तवा जाळी नव्हती. तिचं लुगडं मला नेसवलं. वल्लंच हुतं."

मग ती स्वतःहून पुढं बोलली, काही विशेष नाही अशा आवाजात. "आता मी नुसती म्हातारी. संक्रांतीला नाव पोरीला दिलंया. चाफी नवरीसंगं जाती न्हवं."

परतताना रंकाळ्याच्या काठानं आम्ही चालत होतो. बाई मग थांबून म्हणाल्या, "कुसुम, पोरीला नेणार ह्यी."

आता माझं शहाणपण ऐका. मी म्हणाले, "नेऊ देत की बाई. मोठ्या घरात जाईल. अंगावर बरं लुगडं येईल."

बाईंनी माझ्याकडं बघून एकच शब्द विचारला. "वल्लं?"

त्या दिवसापासून मी वाड्यातला लाडू खाल्ला नाही. धाकट्या चिरंजीवांचा विचार मात्र आणखी काही दिवस केला. माणूस एका दिवसात सुधारत नाही.

बाईंनी काय काय केलं, ते मी बरोबर होते म्हणून मला ठाऊक आहे. मुख्याध्यापिकांकडं गेल्या, तर त्या दार लावून हलक्या आवाजात म्हणाल्या की अध्यक्षांच्या घरचा प्रश्न आहे, तुम्ही चित्र काढा. चौकीवर गेल्या. तिथल्या साहेबांनी चहा पाजला आणि समजावलं की माणूस आंदण देणं कायद्यानं केव्हाच बंद झालंय. बंद झालेल्या गोष्टीची तक्रार लिहून कशी घ्यायची? ओळखीच्या एका वकिलांनीही तेच सांगितलं, जरा अवघड शब्दांत. दुसऱ्या दिवशी दिवाणजी शाळेच्या फाटकाशी उभे होते. नमस्कार करून म्हणाले, बाई फार फिरताय उन्हाचं, तब्येतीला जपा. अगदी आपुलकीनं म्हणाले. तिथून पुढं रोज संध्याकाळी वाड्याचा एक माणूस बाईंच्या गल्लीच्या तोंडाशी बिडी ओढत उभा दिसू लागला.

बाई चित्र काढत राहिल्या. दिवाणखान्याशेजारच्या खोलीत कॅनव्हास उभा केला होता. चेहरा म्हातारीचा, पण तरुणपणीचा कसा असेल तसा. हातांसाठी समोर सुलीला बसवायच्या. त्या वेळेपुरती पोर त्या चौकातून बाहेर यायची. दोघी बोलायच्या नाहीत, कारण दारात नेहमी कुणी तरी असायचं. मी टर्पेंटाइनची बाटली धरून बसायचे आणि चित्र हळूहळू उजळताना बघायचे. मांडीवरच्या बाळाची इवलीशी वळलेली करंगळी. सरकारांनी ती मुद्दाम सांगितली होती, ठळक काढा म्हणून. आणि बाळाच्या पोटावर ठेवलेला चाफीचा हात. त्याचीही करंगळी आत वळलेली.

मला आधी कळलंच नाही. कळलं तेव्हा मी बाटली दोन्ही हातांनी धरली. वर्गात जी करंगळी बाईंनी इतका वेळ हातात धरून ठेवली होती, ती बघताना त्यांना काय दिसलं होतं, हे मला तेव्हा, इतक्या महिन्यांनी उमगलं. सगळ्या कोल्हापूरला सरकारांनी स्वतः हात वर करून सांगून ठेवलं होतं की अशी करंगळी फक्त कांबरेकरांच्या रक्तात असते.

चित्र पुरं होत आल्यावर सरकार बघायला आले. मागं दिवाणजी. सरकारांनी चेहऱ्याची स्तुती केली, जरीच्या काठाची केली. मग त्यांची नजर खाली उतरली आणि तिथंच थांबली. बाहेर साखळीला बांधलेला कुत्रा अंग झाडतोय ते ऐकू आलं.

"बाई, करंगळी चुकली," सरकार म्हणाले.

"समोर बसवून काढलीया सरकार. बोलवू पोरीला?"

दिवाणजी पुढं सरकले. सरकारांनी हातानं त्यांना थांबवलं. त्यांचा आवाज चढला नाही. चित्र फाडून विहिरीत टाकायला त्यांना क्षण लागला नसता, हे मला दिसत होतं. पण तैलचित्राचं अनावरण आमंत्रणात छापलेलं होतं, पाव्हण्यांपर्यंत पोचलं होतं, आणि बाईंना तोंड होतं. सरकारांनी नुसतं विचारलं, काय पाहिजे?

बाईंनी हे बोलणं मनात कितीदा म्हटलं असेल कुणास ठाऊक. एका दमात म्हणाल्या, "सुली शाळंत यील. वसतिगृहात ऱ्हाईल. ताईसाहेबांसंगं जाणार न्हाई."

"दिला शब्द," सरकार म्हणाले. लगेच. विचारही न करता. "आणि करंगळी?"

बाईंनी कुंचला उचलला. सिनेमाच्या बोर्डावरच्या खलनायकाचासुद्धा हात जशाच्या तसा काढणाऱ्या त्या बाईंनी चाफीची करंगळी सरळ केली. ओल्या रंगात चार फटकारे. मग कुंचला पुसला, बाटल्या पिशवीत भरल्या आणि सरकारांना नमस्कार न करता बाहेर पडल्या.

दुसऱ्या दिवशी सुली वसतिगृहात आली, खरंच आली, कापडाची पिशवी काखेला मारून. मी पेढे घेऊन बाईंच्या घरी धावले. मला वाटत होतं, आपण जिंकलो. आपण म्हणजे बाई आणि बाटली धरणारी मी. बाईंनी पेढा हातात धरला आणि तसाच कागदावर ठेवून दिला. "लई लवकर व्हय म्हणाला," त्या म्हणाल्या.

लग्नाच्या दिवशी चित्रावरचा पडदा सरकारांनी सारला. पाव्हण्यांनी टाळ्या वाजवल्या. सरळ करंगळीची चाफी सगळ्यांकडं शांतपणे बघत होती. मला माझी कविता म्हणायला सांगितलं. मी उभी राहिले आणि पहिल्या ओळीनंतर मला पुढचं आठवेना. लोकांना वाटलं, कंठ दाटला. त्यासाठीही टाळ्या पडल्या.

सासरी पाठवणी संध्याकाळी होती. वाड्यापासून रस्त्यापर्यंत मोटारी आणि बसगाड्या लागलेल्या, कागलच्या रस्त्यानं सीमेपलीकडं निघायच्या तयारीत. बाईंना आमंत्रण नव्हतं, तरी त्या माझ्याशेजारी गर्दीत येऊन उभ्या होत्या. वाजंत्री जोरात होती. ताईसाहेब रडून रडून मोटारीत बसल्या. मोटार आमच्यासमोरून सावकाश निघाली, काच खाली होती, आणि मला आत नवरीच्या पायाशी, गादीवर नव्हे तर खाली, पानाचा डबा मांडीवर घेऊन बसलेली एक मुलगी दिसली. सात-आठ वर्षांची. नवं परकर-पोलकं.

ताईसाहेबांनी रुमाल तोंडाला लावला आणि म्हणाल्या, "चाफे, पाणी."

मुलगी इकडंतिकडं बघू लागली. कुणाला हाक मारली ते तिला कळेना. मग कळलं, आणि तिनं तांब्या उचलला.

मोटार पुढं सरकली. बाईंनी माझा दंड धरला होता, त्याचे वळ चार दिवस राहिले. "मीच हुडकून काढलं हुतं की गं," त्या म्हणाल्या. "एक गेली की दुसरी. मीच तुला भिंगातनं दावलं. आन बोलणी करायला बसले तर एकीचंच बोलून आले."

सरकारांनी शब्द पाळला होता. सुली गेली नव्हती.

पुढचं आधी सांगून घेते. सुली शिकली. वारणानगरकडच्या एका शाळेत चित्रकला शिकवते. म्हातारी त्याच पावसाळ्यात गेली. माझी नात विचारते, "आज्जी, तू तेव्हा काय केलंस?" मी सांगते, बाटली धरली. जमादार बाई शाळेत परत आल्या नाहीत. सीमेपलीकडच्या त्या गावात, ताईसाहेबांच्या सासरच्या वाड्याच्या फाटकासमोर त्यांनी एक खोली भाड्यानं घेतली होती, आणि बोर्ड रंगवून पोट भरत त्या खिडकीशी बसून राहायच्या, असं पुढं कानावर आलं. वर्षामागून वर्षं. वाड्यातल्यांनी दटावलं, खोलीवर दगड आले, तरी त्या हलल्या नाहीत. सुली मोठी झाल्यावर त्यांना शोधत तिकडं गेली, तर खोली रिकामी होती. शेजारणीनं सांगितलं की एका सकाळी बाई खोलीत नव्हत्या, आणि त्याच सकाळी समोरच्या वाड्यातून किती तरी वेळ हाका येत होत्या, चाफे, चाफे, आणि कुणी जी म्हणत नव्हतं. वाड्यातल्या माणसांनी विहिरीत गळ टाकून बघितले म्हणे. गळाला काही लागलं नाही. त्या दोघी कुठं गेल्या, नीट गेल्या का, पोचल्या का, हे आजतागायत कुणाला ठाऊक नाही. मी पुष्कळांना विचारून पाहिलं.

मला बाई शेवटच्या दिसल्या त्या मात्र त्या पाठवणीच्या संध्याकाळी. मोटारी एकामागून एक निघत होत्या. सगळ्यांत मागं वऱ्हाडाची एक बस होती, नारळाची पोती आणि वाढप्यांनी भरलेली. बाईंनी माझा दंड सोडला, पदर खोचला आणि त्या बसच्या पायरीवर चढल्या. मी हाक मारली. आत कुणा पाव्हण्यानं सरकून त्यांना जागा दिली. वाड्याचा एक माणूस त्यांना ओळखून धावत आला, तोवर बस हलली होती. बाई खिडकीशी बसल्या, माझ्याकडं वळून न बघता. पुढच्या मोटारींनी उडवलेला फुफाटा त्या खिडकीतून सरळ आत जात होता. शेजारचा पाव्हणा काच ओढायला लागला, तसा बाईंनी त्याचा हात धरला आणि काच उघडीच ठेवली.